शिक्का सरकारचा, जोखीम ठेवीदाराची

२२ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. बातमी वाईटच होती, पण तिच्यात दिलाशाचीही एक ओळ होती. बँकेच्या सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना त्यांची सगळी रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळण्याजोगी होती, आणि परवाना जाण्याआधीच १९३ कोटी ६८ लाख रुपये वाटूनही झाले होते. आता याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडी, टेंभुर्णी किंवा मोडनिंबच्या पेठेत एखादी पतसंस्था अशीच बंद पडली असे समजू. तिच्या ठेवीदाराला या महामंडळाकडून एक रुपयाही मिळणार नाही, कारण पतसंस्था ही कायद्याने बँक नाही आणि ठेव विमा फक्त बँकांना आहे. दोन्हीकडचा ठेवीदार मात्र एकाच जातकुळीचा असतो. दोघांनी उसाचे बिल, निवृत्तीची रक्कम किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे ठेवलेले असतात. दोन्ही संस्थांच्या नावात ‘सहकारी’ असते, दोन्हींच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो, दोन्हींचे दरवर्षी ऑडिट होते. एकीच्या मागे पाच लाखांपर्यंतचा विमा आहे आणि दुसरीच्या मागे काहीच नाही, हे बहुतेकांना कळते ते शटरवर नोटीस लागल्यावर.

पतसंस्था म्हणजे फसवणुकीचा धंदा असे म्हणणे अन्यायाचे होईल. उजनीचे पाणी आल्यावर माढा तालुक्याची शेती बदलली, पिंपळनेरचा साखर कारखाना उभा राहिला, उसाबरोबर फळबागा आल्या आणि गावोगाव रोख पैसा फिरू लागला. कुर्डुवाडीला रेल्वेमुळे पगारदार आणि पेन्शनर वर्ग आधीपासून होता. या पैशाला जी सोय हवी होती ती राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांनी दिली नाही. पिग्मी एजंट रोज दुकानावर येऊन शे-दोनशे रुपये घेऊन जातो, सोनेतारण कर्ज तासाभरात होते, जामीनदार कोण आणि त्याचा शब्द किती वजनाचा हे मॅनेजरला फाईल न उघडता ठाऊक असते. ज्या हमाल-हातगाडीवाल्याला बँकेच्या दारात उभे राहायचा संकोच वाटतो, त्याला पतसंस्थेने खाते दिले, हे तिचे खरे काम आहे. त्यावर बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज मिळते, तेव्हा निवृत्त शिक्षकाचे पाय तिकडे वळणारच. म्हणून पतसंस्था असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. त्यांच्या दारावर सरकार जो शिक्का मारते त्याचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याच्या भाषेत त्या शिक्क्याचा अर्थ माफक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्था नोंदली गेली, तिला कायदेशीर व्यक्तिमत्त्व मिळाले, एवढेच निबंधक सांगतो. तिच्या देणी-घेण्याची हमी तो देत नाही. लोक मात्र तो शिक्का वेगळा वाचतात, आणि तसा वाचला जावा याची सोय खुद्द सरकारनेच केलेली आहे. ऑडिटमध्ये अ, ब, क, ड असा वर्ग दिला जातो. तो ‘सतत ऑडिट वर्ग अ’ असा जाहिरातीत, दिनदर्शिकेवर आणि पासबुकाच्या मलपृष्ठावर झळकतो. थकीत कर्जासाठी संस्थेला दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागत नाहीत. कलम १०१ खाली निबंधक वसुलीचा दाखला देतो आणि वसुली अधिकारी जप्तीला जातो. शाखेच्या उद्घाटनाला पालकमंत्री येतात, फित कापतात, संस्थेच्या ‘विश्वासार्हते’वर बोलतात. इतके सगळे पाहिल्यावर सामान्य माणसाने ‘शासनमान्य’ म्हणजे ‘शासन जबाबदार’ असे समजावे, यात त्याचा भाबडेपणा कमी आणि राज्याचा दुटप्पीपणा जास्त आहे. राज्य आपली पत उसनी देते, त्या पतीवर ठेवी जमा होतात, आणि संस्था बुडाली की राज्य ‘आम्ही फक्त नोंदणी केली’ असे म्हणून बाजूला होते. माझा आक्षेप एवढाच आहे: राज्याने एकतर या शिक्क्यामागे पैसा उभा करावा, नाहीतर शिक्क्याचा खरा अर्थ तितक्याच मोठ्या अक्षरांत सांगावा. मधला मार्ग गेली कित्येक दशके चालू आहे आणि त्याची किंमत ठेवीदार मोजतो आहे.

हा पेच नवा नाही, आपला एकट्याचाही नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कामगार ‘फ्रेंडली सोसायट्या’ काढत. आठवड्याला काही पेन्स वर्गणी भरायची आणि त्यातून आजारपणात भत्ता, मेल्यावर अंत्यसंस्काराचा खर्च मिळायचा. वर्गणी आणि लाभ यांचा हिशेब जुळतो का, हे पाहण्यासाठी १८१९ च्या कायद्याने तक्ते गणिताच्या जाणकारांकडून तपासून घेण्याची अट घातली. पण जाणकार कोण, हे सैल राहिल्याने गावच्या शाळामास्तरांच्या सह्यांवर काम भागू लागले. पुढे जॉन टिड प्रॅट या बॅरिस्टरकडे नियमावली प्रमाणित करण्याचे काम आले आणि १८४६ मध्ये तो या सोसायट्यांचा पहिला निबंधक झाला. नियम कायद्याला धरून आहेत, एवढेच त्याचे प्रमाणपत्र सांगत होते. सभासदांनी त्याचा अर्थ ‘सरकारने पारखून घेतलेली सोसायटी’ असा घेतला. प्रमाणित सोसायट्याही म्हातारे सभासद वाढताच बुडत राहिल्या. स्टॅफर्ड नॉर्थकोटच्या अध्यक्षतेखालील आयोगाने या सगळ्याची चौकशी केली आणि त्यातून १८७५ चा कायदा आला. त्या कायद्याने निबंधकाला सोसायटी भक्कम असल्याचा दाखला द्यायला लावले नाही. त्याऐवजी दरवर्षी विवरणपत्र आणि पाच वर्षांनी मालमत्ता-देण्यांचे मूल्यांकन सक्तीचे केले, म्हणजे सोसायटी भक्कम आहे की पोकळ हे सभासदालाच वाचता यावे. त्याने बुडणे थांबले नाही, पण सरकारने काय पाहिले आणि काय पाहिले नाही याबद्दलचा गोंधळ बराच कमी झाला.

त्याच १८७५ साली, मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दंगे पुणे-नगर भागात पसरले, चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा आला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे माढ्याचा शेतकरी त्या कायद्याच्या कक्षेत पहिल्यापासून होता. सावकाराला आवरून कर्जाची गरज संपत नाही हे कळायला आणखी पंचवीस वर्षे गेली आणि १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्याचा साचा बराचसा इंग्लंडच्या फ्रेंडली सोसायट्यांच्या कायद्यावरून घेतलेला होता, पण त्यात एक मोठा फरक होता. इंग्लंडचा निबंधक नोंद ठेवणारा होता. हिंदुस्थानातला निबंधक संस्था काढायला लोकांना उभे करणारा, त्यांना शिकवणारा, त्यांचे हिशेब तपासणारा आणि वेळ आली तर त्या मोडीत काढणारा होता. शिक्षित सभासद नसलेल्या मुलखात तेव्हा ते गरजेचेही असेल. पण जन्म देणारा आणि दोष काढणारा एकच असला की दोष काढताना हात आखडतो. स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीच्या पाहणीत १९५१-५२ साली ग्रामीण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के दिसला. त्यावरचा उपाय म्हणून राज्याने सहकारात भागीदार व्हावे असे ठरले आणि ही गुंतवळ आणखी घट्ट झाली. आजही तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे नोंदणी आहे, चौकशा आहेत, वसुलीचे दाखले आहेत, बेकायदा सावकारीच्या तक्रारी आहेत. संस्थेची तब्येत पाहायला त्याच्याकडे किती वेळ उरतो, हा हिशेब कोणीही करू शकतो.

पतसंस्थांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रेंडली सोसायटीत वर्गणी देणारा आणि लाभ घेणारा एकच माणूस होता. त्यामुळे सोसायटी बुडाली तर कारभाऱ्याचेही बुडायचे. आपल्याकडच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थांची घडण तशीच आहे. प्राथमिक शिक्षकांची, जिल्हा परिषद सेवकांची किंवा रेल्वे कर्मचाऱ्यांची संस्था घ्या. वर्गणी पगारातून कापली जाते, कर्जाचा हप्ता कलम ४९ खाली पगारातूनच वळता होतो, ठेवीदार आणि कर्जदार एकाच हजेरीपटावर असतात. तिथे राजकारण असते, निवडणुकीत पॅनेल पडतात, पण पैसे बुडाल्याची ओरड क्वचित ऐकू येते. नागरी किंवा ग्रामीण बिगरशेती पतसंस्थेत गणित उलटे होते. पैसा आणणारा ठेवीदार बहुधा ‘नाममात्र सभासद’ असतो. त्याच्याकडून थोडी फी घेऊन पावती फाडली जाते, आणि कायद्यातली ‘सभासदांकडूनच ठेवी घ्याव्यात’ ही अट कागदावर पूर्ण होते. त्याला मत नाही, वार्षिक सभेत बोलायचा हक्क नाही. कर्ज घेणाऱ्याला मात्र भाग घ्यावे लागतात, तो नियमित सभासद होतो, त्याला मत मिळते. म्हणजे ज्यांचा पैसा आहे ते सभेच्या बाहेर आणि ज्यांच्याकडून पैसा यायचा आहे ते सभेत. अशा सभेने थकबाकीदार संचालकाला खडसावावे ही अपेक्षाच चुकीची आहे. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढून नाममात्र आणि सहयोगी सभासदांकडून ठेवी घेणाऱ्या सोसायट्यांबद्दल लोकांना सावध केले होते आणि त्यांना ठेव विमा नाही हेही स्पष्ट सांगितले होते. ती सूचना वर्तमानपत्रात आली. पतसंस्थेच्या काउंटरवर ती चिकटवण्याची सक्ती कोणी केली नाही.

मग देखरेख नेमकी काय करते? कायदा वाचला तर कमतरता दिसत नाही. कलम ८१ खाली दरवर्षी लेखापरीक्षण, कलम ८२ खाली दोषदुरुस्ती अहवाल, कलम ८३ ची चौकशी, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे, आणि शेवटी अवसायक. कमतरता वेळेची आहे. शासनाच्या नामिकेतल्या लेखापरीक्षकाची निवड संस्थेची सर्वसाधारण सभा करते, म्हणजे व्यवहारात संचालक मंडळ करते. मार्चअखेर जवळ आली की थकीत कर्जाचे ‘नवे-जुने’ होते: जुने कर्ज नव्या कर्जातून फेडल्याचे दाखवले जाते आणि थकबाकी कागदावरून नाहीशी होते. अहवाल येतो, त्यात शेरे असतात, दोषदुरुस्ती अहवालात ‘यापुढे दक्षता घेतली जाईल’ असे उत्तर जाते, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा त्याच शब्दांत परत येतो. ८३ ची चौकशी लागते तेव्हा ठेवीदार रांगेत उभे असतात, आणि ८८ चा आदेश येतो तोवर त्यांच्यातले काही हयात नसतात. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे उदाहरण तर समोरच आहे. तिच्यावर सहकार खाते, नाबार्ड आणि रिझर्व्ह बँक असा तिहेरी पहारा होता. तरीही बडी कर्जे थकत गेली, त्यांत संचालकांशी संबंधित संस्थांची कर्जे होती, आणि २०१८ साली संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमावा लागला. ज्या बँकेवर तिघे नजर ठेवत होते तिची ही गत, तर एकट्या सहायक निबंधकाच्या भरवशावरच्या पतसंस्थेची काय असेल?

मल्टिस्टेटचा प्रकार याहून पुढचा. शेजारच्या दुसऱ्या राज्यात कार्यक्षेत्र दाखवले की संस्था राज्याच्या निबंधकाच्या हातातून निसटते आणि दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाखाली जाते. कार्यालय पेठेत, ठेवीदार तालुक्यातले, पण तक्रार घेणारा अधिकारी हजार-बाराशे किलोमीटरवर. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटवर २०१५ मध्ये अवसायक आला. पुढे २०२० मध्ये ठेवपावत्या कवडीमोलाने घेतल्याच्या आणि मालमत्ता स्वस्तात विकल्याच्या आरोपांवरून अवसायकाविरुद्धच पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवी २०२३ च्या अखेरीस अडकल्या, आणि मराठवाड्यातले लाखो ठेवीदार अजून कोर्टकचेऱ्यांत आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात सहकार लोकपाल आणि स्वतंत्र निवडणूक प्राधिकरण आले. चांगले झाले, पण लोकपालाकडे जाणाऱ्याचे पैसे बहुधा आधीच अडकलेले असतात. राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचेही तेच. मालमत्ता जप्त होतात, लिलावाला वर्षे लागतात, आणि तोवर मालमत्तेवर आधीच बँकेचा बोजा निघतो.

यावर सहकारातले जुने कार्यकर्ते एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणतात, सहकाराचा जीव स्वायत्ततेत आहे. सरकारला आणखी अधिकार दिले तर ते विरोधकांच्या संस्था मोडायला वापरले जातील. हे घडलेले आहे हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. मंडळ बरखास्त करण्याचा अधिकार हे सत्तेवर येणाऱ्या प्रत्येक पक्षाचे आवडते हत्यार राहिले आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीने त्याला मर्यादा घालू पाहिली. पण राज्यांची संमती न घेता राज्यसूचीतल्या विषयात हात घातला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये ती राज्यातल्या संस्थांपुरती रद्द ठरवली. मी या आक्षेपाशी सहमत आहे, आणि म्हणूनच बरखास्तीचे अधिकार वाढवा असे म्हणत नाही. निबंधकाने संचालक कोण असावा हे ठरवू नये. संस्थेची अवस्था काय आहे हे लोकांना कळेल, एवढे पाहावे. हुकमत वाढवल्याशिवायही उजेड वाढवता येतो. ठेवी किती, थकबाकी किती, त्यात संचालक व त्यांच्या नातलगांची किती, पहिल्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आणि आज रोख व बँकेत किती: एवढे पाच आकडे दर तिमाहीला शाखेच्या दारावर मराठीत लावले, तर कोणाच्या स्वायत्ततेला धक्का लागत नाही. ‘वर्ग अ’ ही पाटी मात्र काढून टाकावी. एक अक्षर जितके सांगते त्याहून जास्त लपवते.

दुसरा आक्षेप पतसंस्थांच्या मॅनेजरांचा, आणि तो अधिक व्यावहारिक आहे. आकडे दारावर लावले तर धावाधाव होईल, चांगली संस्थाही एका अफवेने बसेल. भीती खरी आहे. ठेवी आठ दिवसांत मागता येतात आणि कर्जे आठ वर्षांनी परत येतात. कोणतीही पतसंस्था सगळ्यांना एकाच सोमवारी पैसे देऊ शकत नाही. पण आजची स्थिती काय आहे? आकडे नसताना अफवा थांबत नाहीत, उलट त्यांना कोणी खोडून काढू शकत नाही. शिवाय अंधारातही काहींना दिसत असते. संचालकांचे पाहुणे, मोठे व्यापारी, पिग्मी एजंटाच्या जवळचे लोक आधी काढून घेतात, आणि शटर पडते तेव्हा आत उरतो तो पेन्शनरांचा आणि भाजीवालीचा पैसा. धावाधाव आजही होते, फक्त ती निवडक लोकांची असते. आकडे दर तीन महिन्यांनी आले तर घसरण हळूहळू दिसेल, आणि ठेवी कमी होण्याची झळ संचालकांना वेळेत लागेल.

तिसरा युक्तिवाद असा की रिझर्व्ह बँकेलाही जिथे जमले नाही तिथे निबंधकाला काय जमणार. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा कळले, की हजारो बनावट खात्यांच्या आड एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे लपवली होती आणि तपासणी करणाऱ्यांना ती दिसली नव्हती. हे अगदी बरोबर, आणि त्यामुळे माझा मुद्दा ढिला होत नाही. तपासणी लबाडी पूर्णपणे पकडू शकत नाही, म्हणूनच तिच्या जोडीला विमा लागतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली आणि पुढच्या वर्षी निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत रक्कम देण्याची तरतूद झाली. लक्ष्मी बँकेच्या ठेवीदाराला परवाना जाण्याआधी पैसे मिळाले ते त्यामुळे. नियामकाच्या चुकीची किंमत लहान ठेवीदाराने मोजू नये, हे तत्त्व बँकांपुरते मान्य झाले आहे. पतसंस्थेच्या दाराशी ते का थांबते, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

‘सरकारने कोणाकोणाचे भरायचे?’ असे विचारणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या २३ विनापरवाना जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली आणि त्यांत नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन बँका महाराष्ट्राच्या होत्या. म्हणजे हमी नाही असे म्हणत राज्य प्रत्यक्षात हमी देतच असते. फक्त ती मोठ्यांना मिळते, ज्यांच्या बुडण्याने निवडणूक हलते त्यांना मिळते. कुर्डुवाडीच्या पेठेतल्या एखाद्या पतसंस्थेसाठी मंत्रिमंडळाची बैठक होत नाही. विमा ही त्यामानाने स्वस्त आणि उघड गोष्ट आहे, कारण तिचा हप्ता आधी भरावा लागतो.

महाराष्ट्राने त्या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे हे मान्य केले पाहिजे. १९६० च्या कायद्यात बिगरशेती पतसंस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले, नियामक मंडळ आले, स्थिरीकरण आणि तरलता साहाय्य निधीची कल्पना आली. निधीच्या अंशदानाला मात्र पतसंस्थांच्या संघटनांनीच विरोध केला. चांगल्या संस्थांनी कमावायचे आणि बुडव्यांसाठी भरायचे, ही त्यांची तक्रार सरसकट अंशदानाच्या बाबतीत रास्तच आहे. पण त्यावरचा उपाय निधी बासनात गुंडाळणे हा नाही. ज्या संस्थेत संचालकांच्या नातलगांची कर्जे जास्त, पहिल्या दहा कर्जदारांकडे पैसा एकवटलेला आणि तरलता तोकडी, तिचा हप्ता चढा असावा. पगारदार सेवकांच्या संस्थेचा नाममात्र असावा. निधीत यायचे तर दारावर आकडे लावावे लागतील, ठराविक रकमेपुढच्या ठेवीदाराला मतासह सभासदत्व द्यावे लागेल, आणि न येणाऱ्या संस्थेच्या प्रत्येक पावतीवर ‘या ठेवीला विमा नाही’ असे छापावे लागेल. हप्ता किती हे ठरवण्याचे काम सहकार खात्याकडे न ठेवता निधीच्या विश्वस्तांकडे असावे, आणि त्या विश्वस्तांत निदान निम्मे ठेवीदारांचे प्रतिनिधी असावेत, कारण या साऱ्या व्यवस्थेत आजवर त्यांच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही.